मुखपृष्ठाने दिलेला शब्द: मार्व्हल आणि डीसीच्या संपादकांस खुले पत्र

मार्व्हल आणि डीसी या दोन्ही अमेरिकन कॉमिक्स प्रकाशनसंस्थांच्या संपादक मंडळांस,

स. न. वि. वि.

‘जेएलए/अ‍ॅव्हेंजर्स’ ही डीसीची जस्टिस लीग आणि मार्व्हलचे अ‍ॅव्हेंजर्स या दोन नायक-संघांना एकत्र आणणारी चार अंकांची मालिका २००४ साली पूर्ण झाली आणि त्यानंतर वीस वर्षांहून अधिक काळ आपल्या दोन संस्थांचे नायक एकमेकांच्या कथेत आले नाहीत. २०२५च्या सप्टेंबरात मार्व्हलने आणि नोव्हेंबरात डीसीने डेडपूल व बॅटमन यांना एकत्र आणणारे अंक काढले, तेव्हा हा दरवाजा पुन्हा उघडला. अशा वेळी संयुक्त कथांची आणि अनेक मालिकांतून एकच कथा नेणाऱ्या मोठ्या क्रॉसओव्हर मालिकांची आखणी नव्याने होत असणार, असे मानून हे पत्र लिहीत आहे. माझ्या तक्रारी दोन आहेत. मुखपृष्ठ जे सांगते ते आतल्या पानांत अनेकदा नसते, आणि अनेक मालिकांतून जाणाऱ्या कथानकात अशी भगदाडे राहतात की ज्या घटनेवर सारी कथा उभी आहे तीच पटेनाशी होते. या दोन्हींचे मूळ एकच आहे, असे मला वाटते. अंकांचे वेळापत्रक कथेच्या पुढे धावते आणि कथा त्याच्या मागे फरफटत जाते.

आमच्यासारख्या दूरच्या वाचकाला मुखपृष्ठ किती महत्त्वाचे वाटते, हे आपल्या ध्यानी यावे म्हणून इथली स्थिती सांगतो. पुण्यात आपले नवे अंक दुकानात बहुधा प्लास्टिकच्या पिशवीत बंद असतात, आयात केल्यामुळे महाग पडतात आणि चाळून पाहता येत नाहीत. जुने अंक अप्पा बळवंत चौकातल्या किंवा फर्ग्युसन रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांच्या गठ्ठ्यांतून मिळतात, पण तिथे एखाद्या मालिकेचा तिसरा अंक हाती लागतो आणि पहिला कधीच दिसत नाही. पैसे द्यायचे की नाही हे ठरवायला वाचकाजवळ मुखपृष्ठाखेरीज काहीही नसते. त्यातच इथल्या एका संबंध पिढीला कॉमिक्सची गोडी लावली ती १९६४ ते १९९० या काळात निघणाऱ्या इंद्रजाल कॉमिक्सने. वेताळ आणि मँड्रेक त्या पिढीने मराठीत वाचले, आणि अंक उघडला की बहुतेक वेळा पूर्ण कथा हाती येई. तोच वाचक किंवा त्याची मुले आज आपल्या क्रॉसओव्हरकडे वळतात, तेव्हा एका कथेसाठी दहा-बारा वेगवेगळ्या मालिका धुंडाळण्याची त्यांची तयारी असते. ही तयारी म्हणजे आपल्यावर टाकलेला विश्वास आहे.

मुखपृष्ठावरचे प्रत्येक चित्र आत जसेच्या तसे असावे, अशी मागणी मी करीत नाही. आमच्या दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर हातात निरांजन घेतलेली स्त्री असते आणि ती आतल्या कोणत्याही कथेत भेटली नाही म्हणून कोणी तक्रार करीत नाही, कारण ते चित्र सणाचे आहे, कथेचे नाही, हे सर्वांना ठाऊक असते. नायकाचे नुसते भव्य चित्र, किंवा आतला संघर्ष प्रतीकरूपाने मांडणारे चित्र, हेही त्याच जातीचे. पण एखादा नायक मित्राच्या प्रेतावर उभा आहे, वर ‘आज यांच्यातला एक मरणार’ अशी ओळ आहे आणि आत कोणीच मरत नाही, किंवा ती सारी घटना दोन पानांच्या स्वप्नात उरकते, तेव्हा चित्राची भाषा प्रतीकाची राहत नाही. ते विधान होते, आणि विधान खोटे ठरल्यास वाचकाला फसवल्यासारखे वाटणे साहजिक आहे.

हे चांगले कसे करता येते याचे धडे आपल्याच दप्तरात आहेत. जून १९७३च्या ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’च्या १२१व्या अंकाचे मुखपृष्ठ पाहा. स्पायडर-मॅनभोवती त्याच्या जवळच्या माणसांचे चेहरे आहेत आणि त्यांच्यापैकी कोणीतरी मरणार असे तो सांगतो आहे. कोण, ते मुखपृष्ठ सांगत नाही. कथेचे नावसुद्धा पहिल्या पानावर न छापता शेवटच्या पानावर छापले, कारण त्या नावातच स्पायडर-मॅनची प्रेयसी ग्वेन स्टेसी हिचा मृत्यू होता. रहस्य राखले आणि दिलेला शब्दही पाळला. डीसीची अनेक समांतर जगे एक करणाऱ्या ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’च्या ऑक्टोबर १९८५च्या सातव्या अंकावर जॉर्ज पेरेझ यांनी सुपरगर्लचा निष्प्राण देह हातांवर घेऊन आक्रोश करणारा सुपरमॅन काढला. ती त्या अंकात खरोखर मरते. घडणारी गोष्ट आधीच दाखवून टाकली तर वाचकाचा रस जाईल, अशी भीती तेव्हाही कोणी घातली असती, पण ते चित्र आज चाळीस वर्षांनीही कॉमिक्सच्या वाचकांना आठवते आणि तो अंक उघडताना पोटात गोळा येतो.

त्याआधीच्या काळात तर मुखपृष्ठच आधी तयार होत असे. डीसीत जूलियस श्वार्ट्झ यांच्यासारखे संपादक आधी एखादे चमत्कारिक चित्र ठरवीत आणि मग लेखकाला त्या चित्रापर्यंत पोहोचणारी कथा रचायला सांगत. आधी कळस मग पाया, असा हा प्रकार वाटेल, पण त्यात शिस्त होती, कारण मुखपृष्ठावर दाखवलेला प्रसंग कथेत आणणे ही लेखकाची जबाबदारी होती. १९६१ सालच्या ‘द फ्लॅश’च्या १२३व्या अंकावर एका भिंतीच्या दोन बाजूंनी दोन वेगळे फ्लॅश एकाच संकटातल्या माणसाकडे धावताना दिसतात. तो प्रसंग आत आहे. दोन जगांच्या भेटीची परंपरा डीसीत ज्या कथेने रुजवली ती हीच, आणि तिने सर्वांत अवघड प्रश्नाला बगल दिली नाही. नवा फ्लॅश बॅरी अ‍ॅलन याने लहानपणी ज्याच्या कॉमिक्स वाचल्या तो जुना फ्लॅश जे गॅरिक त्याला प्रत्यक्ष कसा भेटू शकतो? गार्डनर फॉक्स या लेखकाला झोपेत दुसऱ्या जगातल्या घटना दिसत आणि तो त्या कथा म्हणून लिहून काढी, असा खुलासा खुद्द फॉक्स यांनीच कथेत घातला. खुलासा भाबडा असेल, पण लेखकाने वाचकाची शंका आधीच ओळखली होती आणि तिला उत्तर देणे आपले काम मानले होते.

आज हा क्रम एका अर्थी तोच आहे आणि जबाबदारी मात्र सुटली आहे. आपल्या व्यवहारात दुकानदार दोन-तीन महिने आधी आगामी अंकांची यादी पाहून मागणी नोंदवतो आणि न खपलेले अंक त्याला बहुधा परत करता येत नाहीत. यादीसाठी मुखपृष्ठ आणि चार ओळींची जाहिरात लागते, म्हणून कथा लिहून पुरी होण्याआधी चित्रकाराला मुखपृष्ठ काढावे लागते. पुढे कथा बदलते, लेखक बदलतो, एखादे पात्र दुसऱ्या संपादकाला हवे म्हणून काढून घेतले जाते, पण यादीत गेलेले चित्र तसेच राहते. चित्रकाराचा यात दोष नाही आणि लेखकाचाही फारसा नाही. ज्याच्यासमोर मुखपृष्ठ आणि आतली पाने दोन्ही येतात तो संपादकच हे थांबवू शकतो.

मुखपृष्ठावरच्या पट्ट्यांविषयी मला अधिक कठोरपणे लिहावे लागेल. ‘क्रायसिस’च्या वेळी डीसीच्या इतर अनेक मालिकांवर हा अंक त्या मोठ्या कथेशी जोडलेला असल्याची पट्टी छापली होती. त्यांतल्या काही अंकांत संबंध एवढाच होता की पार्श्वभूमीला आकाश लाल रंगवले होते आणि एखादे पात्र हवामानाबद्दल काहीतरी बोलून जात होते. वाचकांनी अशा अंकांना लाल आकाशाचे अंक असे नावच ठेवले आणि ते आजही वापरात आहे. चित्र प्रतीकात्मक असल्याचे समर्थन करता येते, पट्टीचे तसे करता येत नाही. पट्टी म्हणजे मोठी कथा समजून घ्यायची तर हा अंक घ्या, असे वाचकाला दिलेले स्पष्ट सांगणे असते. चाळीस वर्षांत पट्ट्यांचे रंग बदलले, आकाशाची जागा दुसऱ्या कशाने घेतली, पण दोन चौकटींच्या उल्लेखासाठी पूर्ण अंकाची किंमत घेण्याची पद्धत तशीच आहे. २००४ साली आलेला मुंबईचा पवित्र प्रभाकर, म्हणजे आमचा भारतीय स्पायडर-मॅन, अनेक जगांतले स्पायडर-मॅन एकत्र आणणाऱ्या २०१४च्या ‘स्पायडर-व्हर्स’मध्ये आला, तेव्हा आमच्याकडे त्याच्या ओढीने त्या कथेकडे वळणारे वाचक होते. त्याला कोणत्या अंकात खरे काम आहे आणि कोणत्या अंकात तो गर्दीत उभा आहे, हे त्यांना कोणी सांगितले असते तर बरे झाले असते.

आता भगदाडांकडे वळतो. साध्या चुकीबद्दल मी बोलत नाही. १९८२ सालची ‘कॉन्टेस्ट ऑफ चॅम्पियन्स’ ही मार्व्हलची पहिली मर्यादित मालिका दोन संघांच्या स्पर्धेची होती आणि तिच्या शेवटी गुणांचा हिशेबच चुकला. तिच्या लेखकांत मार्क ग्रुनवाल्ड होते, ज्यांच्याइतके मार्व्हलच्या विश्वाचे बारकावे क्वचितच कोणाला पाठ असतील. इतक्या काळजीवाहू माणसाच्या हातूनही चूक होते आणि वाचक ती समजून घेतो. स्टॅन ली यांनी तर अशा चुका शोधून त्यांचा पटेल असा खुलासा पाठवणाऱ्या वाचकांना ‘नो-प्राइझ’ म्हणून रिकामे पाकीट पाठवण्याची प्रथा पाडली, आणि वाचक त्या रिकाम्या पाकिटासाठी मन लावून पत्रे लिहीत. ते नाते मला फार मोलाचे वाटते. परंतु वाचकाने छोटी फट आनंदाने बुजवणे वेगळे आणि कथेचा अर्धा पाया त्याच्यावर सोपवणे वेगळे.

हेतुपुरस्सर ठेवलेली पोकळी किती सुंदर असू शकते, हे नायकांना दूरच्या ग्रहावर लढायला नेणाऱ्या १९८४च्या ‘सीक्रेट वॉर्स’ने दाखवले. मे महिन्याच्या ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’च्या २५२व्या अंकात पीटर, म्हणजे स्पायडर-मॅन, काळ्या पोशाखात परत आला आणि तो पोशाख त्याला कुठे मिळाला ते जिम शूटर यांच्या मुख्य मालिकेच्या आठव्या अंकात, डिसेंबरात, कळले. सात महिने वाचक वाट पाहत राहिला, पण उत्तर ठरलेले होते आणि ते मिळाले. थिंग पृथ्वीवर का परतला नाही आणि त्याच्या जागी फँटास्टिक फोरमध्ये शी-हल्क कशी आली, याचेही तसेच. ही कथा खेळण्यांच्या विक्रीला हातभार लावण्यासाठी निघाली होती हे सर्वज्ञात आहे, आणि तरीही संपादनाच्या दृष्टीने ती आजच्या अनेक महत्त्वाकांक्षी मालिकांपेक्षा काटेकोर होती.

याच्या अगदी उलट उदाहरण डीसीच्या १९९१च्या ‘आर्मगेडन २००१’चे. भविष्यातला जुलमी मोनार्क हा आजच्या नायकांपैकी कोण, हे त्या कथेचे एकमेव रहस्य होते. उत्तर कॅप्टन अ‍ॅटम असे ठरले होते. ते बाहेर फुटले म्हणून ऐन वेळी हॉक या दुसऱ्याच नायकाला मोनार्क केले गेले. आधीच्या अंकांत पेरलेल्या खुणा दुसऱ्याच माणसाकडे बोट दाखवत होत्या, त्यामुळे ज्यांनी मन लावून वाचले त्यांनाच ही कथा सर्वांत खोटी वाटली. रहस्य फुटले असते तरी कथा खरी राहिली असती. माझ्या मते फुटलेले रहस्य हा लहान तोटा होता आणि तो वाचवण्यासाठी मोठा तोटा पत्करला गेला.

२००७-०८मध्ये डीसीने ‘काउंटडाउन’चे ५१ साप्ताहिक अंक काढले आणि त्यांची जाहिरात ‘फायनल क्रायसिस’कडे नेणारी वाट अशी केली. वर्षभर दर आठवड्याला पैसे मोजलेल्या वाचकाने ग्रँट मॉरिसन यांच्या ‘फायनल क्रायसिस’चा पहिला अंक उघडला, तर न्यू गॉड्स या देवगणाचा शेवट, विशेषतः त्यांच्यातल्या ओरायनचा मृत्यू, त्याने नुकत्याच वाचलेल्या घटनांशी जुळेना. एका इमारतीत बसणाऱ्या दोन संपादकीय चमूंनी एकमेकांची पाने वाचली असती तर हे टळले असते. मार्व्हलच्या २००६-०७च्या ‘सिव्हिल वॉर’मधली विसंगती मला याहून गंभीर वाटते. तिथे कॅप्टन अमेरिका आणि आयर्न मॅन यांचा वाद एका कायद्यावर आहे, आणि तो कायदा नेमका काय सांगतो हेच मालिकेगणिक बदलते. कुठे मुखवटा चढवून गुन्हेगारांशी लढणाऱ्यांनाच नोंदणी सक्तीची आहे, तर कुठे अंगी शक्ती असलेल्या प्रत्येकाला. पहिला कायदा परवान्यासारखा आहे आणि दुसरा जन्मावरून माणसाची नोंद घेणारा. यांपैकी कोणता खरा, हे ठरल्याशिवाय दोघांपैकी कोणाची बाजू न्याय्य आहे ते वाचकाने कसे ठरवायचे? कथेचा सारा नैतिक प्रश्न त्या एका कलमावर उभा होता आणि ते कलम कुठेही पक्के लिहिलेले नव्हते.

वेळापत्रकाची भगदाडे आणखी निराळी. विश्वाच्या प्रलयाची कथा सांगणारी मार्व्हलची २०१५ची ‘सीक्रेट वॉर्स’ लांबत गेली आणि नवव्या अंकाने जानेवारी २०१६मध्ये संपली, पण त्या प्रलयानंतरच्या जगातल्या मालिका ऑक्टोबरपासूनच सुरू झाल्या होत्या. विश्व वाचणार की नाही हे शेवटच्या अंकात कळायचे होते आणि वाचलेले विश्व आधीच दुकानात मांडलेले होते. ‘सिव्हिल वॉर’ रखडली तेव्हा आपण तिच्याशी जोडलेले इतर अंकही पुढे ढकलले होते. वाचक त्या वेळी रागावला असेल, पण तो निर्णय बरोबर होता असे मी आज म्हणेन.

‘क्रायसिस’नंतर डीसीत जे झाले त्याकडे मी थोड्या वेगळ्या नजरेने पाहतो, कारण तिथे चूक हलगर्जीपणाची नव्हती, अपुऱ्या आखणीची होती. सगळी जगे मिळून एकच जग करायचे ठरले, पण त्या एका जगाचा इतिहास कोणता हे सर्व मालिकांसाठी एकदम ठरले नाही. १९८६मध्ये जॉन बर्न यांनी सुपरमॅनची कथा नव्याने मांडताना तो कधी सुपरबॉय नव्हताच असे ठरवले, आणि ज्या सुपरबॉयच्या प्रेरणेने लीजन ऑफ सुपर-हीरोज ही भविष्यातल्या नायकांची संघटना स्थापन झाली तोच नाहीसा झाला. पुढच्या वर्षी तो सुपरबॉय एका छोट्या वेगळ्या, ‘खिशातल्या’ विश्वातला होता, असे ठिगळ लावावे लागले. हॉकमनची कथा नव्याने सांगणारी ‘हॉकवर्ल्ड’ची मालिका १९९०मध्ये वर्तमानकाळात आणल्याबरोबर मग इतकी वर्षे जस्टिस लीगमध्ये वावरला तो हॉकमन कोण, असा प्रश्न उभा राहिला. १९९४च्या ‘झीरो अवर’मध्ये सगळे हॉकमन एकमेकांत मिसळले गेले आणि गुंता अधिकच वाढला. एक बैठक आधी झाली असती तर पुढची कित्येक वर्षे लेखकांना खुलासे लिहिण्यात घालवावी लागली नसती.

दोन संस्थांच्या संयुक्त अंकांत तर काळजी दुप्पट हवी, कारण तिथे प्रत्येक वाचक स्वतःच्या नायकाची ताकद मनात मोजूनच येतो. १९७६ साली सुपरमॅन आणि स्पायडर-मॅन प्रथम एकमेकांसमोर आले तेव्हा स्पायडर-मॅनचा ठोसा सुपरमॅनला लागूच कसा शकतो, ही शंका गेरी कॉनवे यांनी ओळखली होती. लेक्स ल्यूथरने स्पायडर-मॅनवर लाल सूर्याच्या किरणांचा मारा केला, असे कारण कथेतच आहे. ‘जेएलए/अ‍ॅव्हेंजर्स’मध्ये सुपरमॅन थॉरचा हातोडा उचलतो आणि लढाई संपल्यावर तोच हातोडा त्याला जागचा हलवता येत नाही. त्याचे कारणही कर्ट ब्युसिक यांनी थॉरच्याच तोंडी घातले. आणि १९९६च्या ‘डीसी विरुद्ध मार्व्हल’मध्ये काय झाले? पाच लढतींचे निकाल वाचकांच्या मतांवर ठरले, ही कल्पना उत्साहाची होती, पण मार्व्हलच्या वुल्व्हरिनने डीसीच्या लोबोला हरवले ते एका गुत्त्याच्या टेबलामागे, आमच्या नजरेआड. वुल्व्हरिन उठून उभा राहतो आणि लढत संपते. ती कशी संपली, हे कोणीही लिहिले नाही. मतांनी निकाल ठरवला तरी त्याचे कारण शोधणे लेखकाचेच काम होते.

आता विनंती. शेवटचे पान लिहून झाल्यावर यादीतले मुखपृष्ठ एकदा कथेशी ताडून पाहावे आणि जुळत नसेल तर छपाईपूर्वी बदलावे, निदान त्यावरची खोटी ओळ तरी काढावी. जोडअंकाची पट्टी तीच कथा पुढे नेणाऱ्या अंकालाच द्यावी. जुन्या अंकांत तळाशी फुलीची खूण करून ‘अमुक अंक पाहा’ अशी जी संपादकीय टीप असे, ती परत आणावी. जुन्या गठ्ठ्यातून अधलाच अंक उचलणाऱ्या आमच्यासारख्यांना तिचा फार आधार असतो. मोठी कथा संपण्याआधी तिच्यानंतरचे जग विकायला काढू नये. प्रत्येक मोठ्या क्रॉसओव्हरसाठी एका व्यक्तीकडे फक्त हेच काम असावे, की सगळ्या मालिकांची पाने वाचायची आणि त्या कथेतला कायदा, मृत्यू आणि काळ सर्वत्र एकच आहे ना ते पाहायचे, आणि तिचे नाव अंकात छापावे. एकत्रित खंड काढताना वाचनाचा क्रम द्यावा आणि ज्या जागी कथा जुळत नाही तिथे एक प्रामाणिक टीप घालावी.

यापुढे जो संयुक्त अंक येईल, त्याच्यापासूनच हे सुरू करता येईल. या पत्राचे उत्तर आपण वाचकांच्या पत्रांच्या पानावर छापलेत तर तो अंक पुण्यात पोहोचेल तेव्हा आम्ही ते वाचू.

कळावे, लोभ असावा.

आपला,
पुण्यातील एक वाचक